अभ्यंकरकाकांच्या गाडीतला दिवा

बेळ्ळंदूरला राहणाऱ्या एका मुलाने आपल्या बापाला फसवलं. त्या फसवणुकीत मधला माणूस म्हणून त्याने मला वापरलं, आणि शेवटी चोर मी ठरलो.

बेंगळुरूच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती आहेत, त्याही सांगतो. पण वरची दोन वाक्यं आधी लिहून टाकली, कारण पानं कमी पडली म्हणून तेवढंच राहिलं, असं व्हायला नको होतं. मुलाचं आणि वडिलांचं नाव मी बदललं आहे. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी गाडीच्या आतलं काम करतो. इंजिनाला हात लावत नाही. सीटची कव्हरं, छताचं कापड, दाराची हँडलं, काच खालीवर करायचा दांडा आणि आतले दिवे, एवढंच माझं राज्य. विल्सन गार्डनच्या मागच्या रस्त्यावर एक शटर आणि पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. निपाणीजवळच्या खेड्यातून सतराव्या वर्षी बेंगळुरूला आलो तेव्हा मला कन्नड बोलता येत होतं, शिवणयंत्र चालवता येत होतं आणि राग लवकर येत होता. या तिन्हींवर पोट भरलं. लोक मला अण्णा म्हणतात. माझ्याहून वयाने मोठे लोकही अण्णाच म्हणतात.

गाडीच्या आतल्या दिव्याकडे कोणाचं लक्ष नसतं. दार उघडलं की तो लागतो, मिटलं की विझतो, आणि लोकांना वाटतं की तो असणारच. बंद पडला की मग कळतं. पर्समधली चावी सापडत नाही, पोराच्या हातातलं बिस्कीट सीटखाली जातं. तेव्हा माझ्याकडे येतात. दहातल्या सात गाड्यांत दिवा चांगलाच असतो. दाराच्या चौकटीत एक रबरी टोपीचं बटण असतं, ते आतून गंजलेलं असतं. ते घासून दिलं की काम झालं. पुष्कळ दुकानदार तरीही अख्खा दिवा बदलून देतात. मी नाही देत. मी भांडखोर आहे, लबाड नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगण्यातच माझी निम्मी हयात गेली.

दिवा खरोखरच बदलायचा असेल तर छोट्या जुन्या गाड्यांना वापरलेलाच घ्यावा. कंपनीने तो बनवणं कधीच थांबवलेलं असतं. बाजारात नकली मिळतो, पण त्याची काच वर्षात पिवळी पडते आणि खाचेत नीट बसत नाही, खड्ड्यातून गेलं की डोक्यावर पडते. काच म्हणायची, असते प्लॅस्टिकची. म्हणून मी शिवाजीनगरच्या गुजरीत जातो. आमच्या कोल्हापूरकडे गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. इथे गुजरी म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचा बाजार. पहिल्यांदा कोणीतरी "गुजरीला जा" म्हणालं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

तिथे माझा माणूस म्हणजे इकबालभाई. त्याच्या दुकानात दिव्यांचा एक मोठा लाकडी खोका आहे. जुन्या गाड्यांचे छताचे दिवे, डिकीचे दिवे, दाराचे दिवे, सगळे वायरींच्या शेपट्यांसकट एकात एक गुंतलेले. मी जाताना पिशवीत स्कूटरची बॅटरी नेतो. दिवा तिला लावून बघायचा, पेटला तरच पुढचं बोलणं. आणखी एक नियम आहे. जे हवंय ते पहिल्यांदा हातात घ्यायचं नाही. मला दिवा हवा असेल तर मी अर्धा तास आरशाचा भाव करतो. आरसा कसा भंगार आहे, इकबालभाईचे वाडवडील कसे भंगार होते, इथपर्यंत येतो. मग रागाने निघायचं, आणि निघता निघता, "हा दिवा तरी दे फुकट, माझा वेळ घालवलास."

"क्या अण्णा," इकबालभाई म्हणायचा, "दिवा लेने को आये सो पैलेच मालूम था मेरे को. आरसे को कायको गाली दिये?"

"मग पहिल्यांदाच का नाही बोललास?"

"तुमारी गाली सुने बगैर मेरा धंदा शुरू नै होता."

गुजरीची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. वस्तू कुठल्या गाडीची, हे विचारायचं नाही. गाडी अपघातातली असेल, चोरीची असेल, एखाद्या मेलेल्या माणसाची असेल. विचारलं तर विकणारा सांगत नाही, आणि पुन्हा तुम्हाला माल दाखवत नाही. मी कधी विचारलं नाही. पण दिवा हातात घेतला की बरंच कळतं. काचेच्या आत काळी काजळी असेल तर टॅक्सी, ड्रायव्हर रोज उदबत्ती लावणारा. कडेला कुंकवाचं बोट असेल तर दर दसऱ्याला पूजा झालेली. बटणाजवळ बारीक दातांच्या खुणा असतील तर मांडीवर उभं राहणारं मूल.

गिऱ्हाइकंही एकेक. कोरमंगल्याहून एक जोडपं आलं. दोघंही लॅपटॉपवाले, त्यांना गाडीत निळा उजेड पाहिजे होता. मी सांगितलं, निळ्या उजेडात माणूस आजारी दिसतो. ऐकलं नाहीत. महिन्याने नवरा एकटाच पांढरा दिवा बसवायला आला. "काय झालं?" विचारलं तर म्हणाला, "अण्णा, सासूबाई बसल्या होत्या." पुढे मी विचारलं नाही. दुसरी एक बाई, तिचं तान्हं मूल गाडीतला दिवा लावल्याशिवाय झोपायचं नाही. दिवा गेला आणि तीन दिवस अख्खं घर जागं. तिच्यासाठी मी दुपारचं जेवण सोडून गुजरीला गेलो होतो. दिवा लागला तेव्हा मूल झोपलं नाही, पण ती बाई मात्र मागच्या सीटवर गाढ झोपली. तासभर आम्ही कोणी हातोडी उचलली नाही.

अभ्यंकरकाका आले ते मार्च महिन्यात. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, ऐंशीच्या आसपासचे, शर्टाच्या खिशात दोन पेन आणि छोटी पट्टी. दुकानाच्या पाटीवरचं माझं आडनाव वाचून थेट मराठीतच बोलले.

"छताचं कापड लोंबायला लागलंय. डोक्यावर वटवाघूळ बसल्यासारखं वाटतं. बघता का?"

गाडी चोवीस वर्षांची, छोटी, पण आतून अशी स्वच्छ की मला माझ्या चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. छताचं कापड काढायचं तर आधी दिवा काढावा लागतो. मी दिव्याची काच बोटाने दाबली आणि ती माझ्या हातात तुटली. इतकी वर्षं उष्णता खाऊन बिस्किटासारखी झाली होती. मधोमध भला मोठा तपकिरी डाग होता.

काका तुकड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. मी असतो तर ओरडलो असतो.

"तुमची चूक नाही," ते म्हणाले. "मीच जाळली आहे ती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा निखिल बारावीला होता तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत रोज संध्याकाळी वीज जायची. घरात कंदील, डास, शेजाऱ्यांचा गोंगाट. काकांनी गाडीतल्या दिव्याचा बल्ब काढून दुप्पट मोठा बसवला. तो तापायचा म्हणून दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून, दोन बारीक रिव्हेट मारून, होल्डरच्या पाठीला लावला. मागच्या सीटवर मुलगा अभ्यास करायचा आणि पुढच्या सीटवर काका नुसते बसून राहायचे. सकाळी बॅटरी उतरलेली असायची. मग वसाहतीतले दोघंतिघं गाडी ढकलायचे.

"पुढच्या सीटवर तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

"काही नाही. मागे पान उलटल्याचा आवाज येतोय ना, एवढं ऐकायचो."

होल्डर मी पाहिला. पत्र्यावर डब्यावरच्या गोबऱ्या बाळाचा अर्धा चेहरा अजून दिसत होता. रिव्हेट इतके सुबक की मी हात फिरवून पाहिला. काच मिळाली की त्याच होल्डरवर बसवायची असं ठरलं. छताचं कापडही तोवर थांबवलं, कारण कापडाला भोक दिव्याच्या मापानेच पाडायचं असतं. मी शब्द दिला, "काका, माझ्या हाताने तुटली आहे, मीच आणून देणार. एक पैसा घेणार नाही." त्यांनी उघड्या दिव्याची गाडी घरी नेली. जाताना म्हणाले की दिवा बसला की ते गाडी घेऊन धारवाडला बहिणीकडे जाणार आहेत. स्वतः चालवत.

काच मला पंधरा दिवसांत मिळाली. इकबालभाईच्या खोक्यात, तळाशी. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवली. काकांना फोन करणार, त्याच दिवशी निखिल दुकानात आला.

चाळिशीला टेकलेला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बोलायला मऊ. त्याने माझ्यासाठी बाजूच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलातून, कॉफी आणली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, भाव करायला आलेला माणूस आधी कॉफी पाजतो.

"अण्णा, काच मिळाली तरी बाबांना सांगू नका," तो म्हणाला. "मिळत नाही म्हणा."

"का?"

"त्यांना दिसत नाही नीट. मागच्या महिन्यात पार्किंगमधल्या खांबाला घासलं. त्याच्या आधी वॉचमनची खुर्ची उडवली, तो चहा प्यायला उठला होता म्हणून वाचला. मी चावी मागितली की जेवत नाहीत. आता दिवा नाही म्हणून गाडी बाहेर काढत नाहीत. दिवा बसला की धारवाडला निघतील. चारशे किलोमीटर, अण्णा."

मला ते पटलं. आजही पटतं. हायवेवर ऐंशी वर्षांचा माणूस, समोरून ट्रक. पण खोटं बोलणं मला जड जात होतं, म्हणून मी अट घातली. "तीन महिने. तोवर मी सांभाळतो. तीन महिन्यांत तू स्वतः त्यांच्यासमोर बसायचंस आणि सांगायचंस, बाबा, गाडी चालवणं आता बंद. खरं कारण सांगून. माझ्या खांद्यावर कायमचं टाकायचं नाही."

"सरी अण्णा, ठीक आहे," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

मी हात मिळवला. दोनशे रुपयांचा दिवा मी बॅटरीला लावून बघितल्याशिवाय घेत नाही. हा शब्द मी तसाच घेतला.

त्यानंतर काका दर गुरुवारी यायला लागले. बेळ्ळंदूरहून दोन बस बदलून, त्या रिंग रोडच्या गर्दीतून. दाराशी उभे राहून विचारायचे, "मिळाली का?" मी म्हणायचो, "नाही काका." पाणी पिऊन, पाच मिनिटं बसून परत जायचे. काच माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, खणात.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी एक कागद आणला. दिव्याचं चित्र. वरून, बाजूने आणि खालून, तिन्ही अंगांनी काढलेलं, लांबी, रुंदी, खाचेची खोली मिलिमीटरमध्ये लिहिलेली. तुटलेले तुकडे जुळवून त्यांनी माप घेतलं होतं. "शोधताना तुम्हाला सोपं जाईल," म्हणाले. पाचव्या की सहाव्या वेळी ते धुळीने माखून आले. चिकपेटला गेले होते. कापडाच्या, साड्यांच्या त्या गर्दीत एका हार्डवेअरवाल्याला चित्र दाखवत फिरले. त्याने त्यांना बाथरूमच्या दिव्याची काच विकली. ती त्यांनी मला दाखवली आणि स्वतःच हसले. "किती मिलिमीटर मोठी आहे बघा. विचारल्यावर म्हणतो, स्वल्प घासून घ्या, बसेल."

त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोवर विनाकारण ओरडलो. तिने शांतपणे विचारलं, "काका आले होते काय आज?"

तीन महिने झाले. मी निखिलला फोन केला. "पुढच्या आठवड्यात सांगतो." पुन्हा केला. "ऑफिसमध्ये खूप चाललंय, अण्णा." चौथा महिना लागला. मग मी माझी एक युक्ती काढली, आणि इथे माझी चूक आहे, ती मी लपवत नाही. खोटं तर संपवायचं होतं, पण "काच चार महिने माझ्याच खणात होती" हे तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. ठरवलं की काच गुपचूप इकबालभाईच्या खोक्यात टाकायची आणि काकांना तिथे न्यायचं. त्यांच्या हातानेच त्यांना ती सापडू दे. मी भाव करीन, शिव्या देईन, त्यांना मजा येईल. आणि धारवाडला ड्रायव्हर म्हणून मी स्वतः जाईन. हे सगळं मी मनात पक्कं केलं होतं. धारवाडला पोचल्यावर पेढे कुठे घ्यायचे तेही.

गुरुवारी सकाळी काका आल्या आल्या म्हणालो, "चला, आज दोघं मिळून शोधू." ऑटोत ते खुशीत होते. एकदाच म्हणाले, "कापड राखाडीच लावा हं, दुसरा रंग नको." मी म्हटलं, "हो हो, राखाडीच." मला वाटलं, पुढच्या कामाचं बोलताहेत.

इकबालभाईला मी आदल्या दिवशी काच देऊन सगळं सांगून ठेवलं होतं. त्याने काकांना स्टूल दिलं. मी ठरल्याप्रमाणे आरशावरून भांडण काढलं. तोही रंगात आला. "बाबाजी, ये अण्णा को आप कायको साथ लाये? ये मेरा बीपी बढाने को आता." काका हसत होते. हसत हसत खोक्यात हात घालून एकेक दिवा उचलून बघत होते. काच वरच ठेवली होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो, आता दिसेल, आता दिसेल.

त्यांनी काच बाजूला सारली. तिच्याखालून एक होल्डर उचलला. उलटा केला. पाठीला पत्रा होता, दोन बारीक रिव्हेट, आणि गोबऱ्या बाळाचा अर्धा चेहरा.

मी बोलायचा थांबलो. इकबालभाई एकटाच आणखी एक वाक्य बोलला आणि तोही थांबला.

काकांनी अंगठा पत्र्यावरून फिरवला. मग इकबालभाईला विचारलं, "ही कुठल्या गाडीची?"

इकबालभाईने माझ्याकडे बघितलं. गुजरीची रीत. मागाहून त्याने मला सांगितलं की परवाच एका मोडवाल्याकडून पोतंभर दिवे आले होते आणि त्याने ते न बघता खोक्यात ओतले होते.

काका स्टुलावरून उठले. माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"अण्णा, गाडी हवी होती तर मागायची होतीत. मी दिली असती."

"काका, काय बोलताय?"

"निखिलने आठ दिवसांपूर्वी तुमच्याकडे दिली ना? कापड लावायला. तुमच्या दुसऱ्या शेडमध्ये आहे म्हणाला."

मला दुसरी शेड नाही. कधीच नव्हती.

त्या क्षणी मला सगळं कळलं. त्याने गाडी मोडीत काढली होती आणि बापाला सांगितलं होतं की अण्णांकडे आहे. गाडी काकांच्या नावावर होती. सही कशी घेतली, बँकेच्या कागदांत घालून की आणखी कशी, मला ठाऊक नाही. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं, काका, तुमच्या मुलाने विकली. एकच वाक्य. चाळीस वर्षांत मी कोणाला सोडलं नाही, गिऱ्हाइकाला नाही, पोलिसाला नाही, सख्ख्या भावाला नाही. पण समोर हा माणूस पत्रा धरून उभा होता. संध्याकाळी त्याला परत जायचं होतं ते त्याच मुलाच्या घरी. त्याच्याच टेबलावर जेवायचं होतं. मला वाटलं, हे मुलानेच सांगितलं पाहिजे. दोन दिवस चोर राहायला माझी हरकत नव्हती.

मी एवढंच म्हणालो, "काका, घरी जाऊन निखिलशी बोला."

"नाही, नाही." ते एकदम घाबरल्यासारखे झाले. "त्याला नका सांगू. त्याने विश्वासाने तुमच्याकडे दिली. त्याला फार लागेल ते. गाडी त्याच्यासाठी..."

त्यांनी होल्डरचा भाव विचारला. इकबालभाईने हात जोडले. काकांनी तरीही स्टुलावर शंभराची नोट ठेवली, होल्डर रुमालात बांधला आणि ऑटो केली. मी शेजारी बसायला गेलो तर म्हणाले, "मी जाईन." काच खोक्यातच राहिली. इकबालभाईने ती माझ्या पिशवीत टाकली. त्या दिवशी त्याने मला एकही टोमणा मारला नाही.

मी तिथूनच निखिलला फोन केला. गुजरीत उभं राहून मी काय काय बोललो ते या अंकात छापता येणार नाही. शेवटी म्हणाला, "अण्णा, चुकलं. विकतो म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. मला दोन दिवस द्या. मी सांगतो त्यांना."

दोन दिवसांनी फोन केला. चार दिवसांनी केला. मग एकदा उचलला. म्हणाला, "बाबा काही बोललेच नाहीत घरी येऊन. नेहमीसारखे आहेत. त्यांनी विषय काढला नाही तर आपण कशाला उकरायचं?"

"अरे, ते तुला लागेल म्हणून बोलत नाहीत!"

"मग तेच बरं ना, अण्णा," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी मी शटर उघडून बसलो. काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी काच खिशात घेऊन मी बेळ्ळंदूरला गेलो. त्या उंच इमारतींच्या फाटकावर वॉचमनने वर फोन लावला, माझं नाव सांगितलं, थोडं ऐकलं आणि फोन ठेवला. "अण्णा, बेडा अंतारे," म्हणाला. नको म्हणताहेत. वर कोण बोललं, विचारलं, तर त्याला सांगता येईना. मी तसाच परत आलो. भांडलो नाही. जिथे भांडायला हवं होतं तिथे मी आयुष्यात एकदाच भांडलो नाही, आणि ते हेच.

श्रावणात काका गेले. मला कळलं ते मंडळाच्या निरोपांतून. शोकसभेला हॉलमध्ये गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. निखिल माइकवर उभा राहिला. वसाहतीतली वीज, गाडीतला दिवा, पुढच्या सीटवर बसलेले बाबा, सगळं सांगितलं. चांगलं बोलला. लोकांनी डोळे पुसले, मीही पुसले. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि होल्डर वर धरून सगळ्यांना दाखवला. "बाबांच्या उशाजवळ सापडला. बाबांनी हा दिवा शेवटपर्यंत जपला," म्हणाला.

तो होल्डर काकांनी कुठून आणला, हे त्या हॉलमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. एक माइकवर होता.

मी अजून दुकानात जातो. काच खणात आहे. मध्ये एकाला अगदी तीच हवी होती, तीच गाडी, तेच माप, हवी ती किंमत देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. काकांचं चित्र शटरच्या आत चिकटवलंय. नवीन कारागीर आला की त्याला दाखवतो, माप असं घ्यायचं असतं.

निखिल, हा अंक तुझ्या घरी येतो हे मला माहीत आहे. गाडी विकलीस त्याबद्दल मी तुला काही विचारत नाही, ते तुमच्या घरातलं होतं. पण माझं नाव माझं होतं आणि तू ते मला न विचारता वापरलंस. म्हणून मला सांग. तू मागितलेले दोन दिवस कधी संपले? त्यानंतर एखाद्या सकाळी, दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, कधीतरी तू त्यांच्याजवळ बसून सांगितलंस का की अण्णांनी गाडी घेतली नव्हती? फाटकावरच्या फोनवर नको कोण म्हणालं, तू की ते? सांगितलं असशील तर मला येऊन सांग, मी दुकानात असतो. सांगितलं नसशील तर मंडळाच्या त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, त्याच लोकांसमोर उभा राहा आणि तो होल्डर गुजरीत कसा पोचला ते सांग. मी या वेळी पहिल्या रांगेत बसेन.

काका मला काय समजून गेले? उत्तर दे.